प्रश्न तुमचे: रिमोटच्या रणगाड्यावर कॅमेरा

रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यात कॅमेरा बसवून आतून बघत तो चालवण्याबद्दल सोलापूर आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १:१६ मापाचा हेंग लाँग कंपनीचा टायगर रणगाडा आहे. टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या भागात, कॅमेरा बसवून त्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमधून बघत चालवायचा आहे. वीज रणगाड्याच्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीवरूनच घेतली तर चालेल ना? (जुळे सोलापूर)

चालेल, पण घेऊ नका. कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर आणि त्यांची स्वतंत्र बॅटरी हे तिन्ही टरेटमध्येच बसवा. खालच्या बॉडीशी नवी एकही तार जोडायची नाही. टरेट फिरतं तेव्हा खालून वर येणाऱ्या तारांना पीळ पडतो आणि त्या बहुतेक वेळा डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागीच तुटतात. दुसरी अडचण मोटारींची. रणगाडा जागच्या जागी वळतो तेव्हा त्या एकदम जास्त करंट ओढतात, बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि चित्र ऐन वळणावर जातं. टरेटचा स्वतंत्र संसार मांडला की दोन्ही अडचणी मुळातूनच सुटतात.

सामान मोजकंच लागतं. ड्रोनवाले वापरतात तो कॅमेरा आणि ५.८ गिगाहर्ट्झचा २५ मिलिवॅटचा ट्रान्समीटर एकाच तुकड्यात मिळतो. त्याचं वजन जेमतेम पाच ग्रॅमच्या आसपास असतं आणि तो ३.३ ते ५.५ व्होल्टवर चालतो, म्हणजे ३.७ व्होल्टचा एकच लिथियम सेल थेट जोडता येतो. असा संच साधारण ३५० मिलिॲम्पिअर घेतो. ६०० एमएएचच्या (मिलिॲम्पिअर-तासांच्या) सेलमधले ८० टक्केच वापरायचे ठरवले तरी सव्वा तास निघतो. पुढे ओढू नका, सेल ३.५ व्होल्टवर आला की थांबा. व्होल्टेज उतरल्यावर वाजणारे छोटे बझर बहुतेक दोन सेलपासून पुढेच वाजतात, त्यामुळे एका सेलसाठी मोबाइलवर तासाभराचा टायमर लावणं जास्त भरवशाचं. सेल आणि कॅमेरा यांच्या जोडणीत लाल-काळ्याची बाजू सगळ्यांची सारखी नसते. पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासाच. उलटं लागलं तर कॅमेरा तिथल्या तिथे जातो.

टरेट उघडल्यावर ६ मि.मी. छऱ्यांची यंत्रणा बरीच जागा अडवून बसलेली दिसेल. छरे उडवायचे नसतील तर ती काढून जपून ठेवा, जागा मोकळी होते. ठेवणार असाल तर कॅमेरा तिला चिकटवू नका, प्रत्येक छऱ्यागणिक चित्र हादरेल. लेन्ससाठी दोन जागा सोयीच्या. एक, तोफेच्या नळीशेजारी मशीनगनचं भोक असतं ती. दुसरी, वरच्या कमांडरच्या झाकणाची. पहिल्या जागी कॅमेरा मुळीच दिसत नाही, पण तिथून रणगाड्याचं स्वतःचं नाकही दिसत नाही. आमचं मत दुसऱ्या जागेला आहे, कारण टरेटवरच्या कॅमेऱ्याची खरी गोम वेगळीच आहे. टरेट डावीकडे वळलेलं असताना तुम्ही रिमोटचा दांडा पुढे दाबला की गाडी तुम्ही बघताय तिकडे जात नाही, बॉडीच्या नाकाकडे जाते. गॉगल लावलेल्या माणसाला हे कळायला काहीच खूण नसते आणि रणगाडा सरळ भिंतीवर जातो. कमांडरच्या जागेवरून चित्राच्या खालच्या कडेला पुढचे दोन मडगार्ड दिसतील असा कोन ठेवा. डाव्या मडगार्डवर पांढरा आणि उजव्यावर पिवळा ठिपका द्या. ठिपके मधोमध दिसले की टरेट सरळ आहे. खऱ्या रणगाड्यातले लोक पेरिस्कोपच्या अरुंद फटीतून बाहेर बघतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर विजयंता या भारतीय रणगाड्याच्या टरेटवर त्या फटी कुठे आणि किती उंचीवर आहेत ते नीट पाहून घ्या, जागा ठरवायला उपयोग होईल.

भोक पाडताना एकदम मोठं ड्रिल लावू नका. आधी ३ मि.मी., मग ६, आणि शेवटचं माप लेन्सच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अर्धा मि.मी. जास्त, तेही कानशीने. ड्रिल वेगात फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कडा येते किंवा तडा जातो. कॅमेरा एक मि.मी. जाडीच्या फोम टेपवर बसवा. फेव्हिक्विक लेन्सच्या आसपासही नेऊ नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते.

अँटेना मात्र आत दडवू नका. टरेट धातूचं असेल तर ती बाहेर काढावीच लागेल. प्लॅस्टिकच्या टरेटमध्येही ती मोटारी आणि तारांच्या वर, उभी असावी. अँटेना न लावता ट्रान्समीटर चालू करू नका, त्याचा शेवटचा भाग जळतो. ट्रान्समीटर आणि गॉगल दोन्हीकडे एकाच जातीची अँटेना हवी. एकीकडे आरएचसीपी (लहर उजवीकडे फिरवणारी) आणि दुसरीकडे एलएचसीपी (डावीकडे फिरवणारी) लावली तर सगळं सामान चांगलं असूनही पल्ला कमालीचा घटतो.

टरेट बंद करण्याआधी रणगाडा दोन विटांवर ठेवून पट्टे अधांतरी फिरवा, टरेट दोन्ही टोकांपर्यंत वळवा, नळी वरखाली करा आणि हे सगळं गॉगलमधून बघा. तार कुठे अडकत असेल तर ती इथेच सापडते.

प्रश्न : मी मुख्य बॅटरीवरूनच बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) लावून ५ व्होल्ट काढले आहेत. रणगाडा उभा असताना चित्र स्वच्छ दिसतं, चालू लागला की आडव्या रेघा धावतात. कॅमेरा बदलू का? (होटगी रोड)

बदलू नका, कॅमेरा निर्दोष दिसतो. आधी त्रास कुठून येतो ते ओळखा. काही मिनिटांसाठी कॅमेऱ्याला वेगळी बॅटरी जोडा आणि रणगाडा चालवा. रेघा गेल्या तर त्रास विजेच्या तारांतून येतोय. राहिल्या तर मोटारीच्या ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्या हवेतूनच अँटेना आणि तारांत शिरताहेत.

दोन्हींचा पहिला उपाय एकच, मोटारींवर कॅपॅसिटर. १०४ असा आकडा छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर दर मोटारीला तीन लागतात: एक दोन टोकांच्या मध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या डब्याला. डबा आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर डाग धरत नाही. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे कमी पडते, डबा तिची उष्णता ओढून घेतो. ६० वॅटची घ्या आणि झटपट काम उरका. रेंगाळलात तर आतलं प्लॅस्टिक मऊ होतं. मग मोटारीच्या दोन्ही तारा एकमेकींवर पिळून घ्या.

एवढ्याने भागलं नाही तर बक कन्व्हर्टरच्या पुढे एलसी फिल्टर (कॉइल आणि कॅपॅसिटरची गाळणी) लावा, आणि कॅमेऱ्याजवळ ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर. त्याच्या ऋण बाजूची पट्टी बघून लावा. कॅमेरा आणि ट्रान्समीटर वेगवेगळे असतील तर कॅमेऱ्याची काळी तार ट्रान्समीटरवरच न्या. ती बॉडीत भलत्याच ठिकाणी जोडली की मोटारींचा करंट चित्राच्याच वाटेने परततो.

चित्र नुसतं रेघाळत नाही, मध्येच पूर्ण जातं, असं असेल तर ते वेगळं दुखणं. एलएम २५९६ या चिपचे बक कन्व्हर्टर ५ व्होल्ट द्यायला आत साधारण साडेसहा व्होल्ट मागतात. जुनी बॅटरी वळणावर त्याखाली जाते.

प्रश्न : घरी वायफायचा छोटा कॅमेरा पडून आहे. तोच बसवला तर? (बार्शी, इयत्ता नववी)

बसवून बघायला हरकत नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. तुझ्या रणगाड्याचा रिमोट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि असे बरेच कॅमेरेही त्याच पट्ट्यात बोलतात. दोन्ही अँटेना वीतभर अंतरात आल्या की रिमोटचा पल्ला घटतो. शिवाय वायफायचं चित्र सेकंदाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही उशिरा पोचतं. चालवताना ते निभतं, कारण रणगाडा हळू चालतो; पण नेम धरताना टरेट दर वेळी पुढे निघून जाईल. पुढे पैसे साठले की ५.८ गिगाहर्ट्झचा यूएसबी रिसीव्हर घे. तो ओटीजी चालणाऱ्या (यूएसबीची उपकरणं जोडता येणाऱ्या) अँड्रॉइड फोनला लागतो, गॉगल घ्यावा लागत नाही. दुपारच्या उन्हात मात्र फोनवर काही दिसणार नाही, पुठ्ठ्याची झडप करून लाव.

प्रश्न : ड्रोनवरचा ६०० मिलिवॅटचा ट्रान्समीटर होता, तो टरेटमध्ये बसवला. दहाएक मिनिटांत चित्र विरतं आणि बंद पडतं. थोड्या वेळाने आपोआप येतं. (विजापूर रोड)

तापतोय तो. ड्रोनवर पंख्यांचा वारा सतत लागतो, त्या हिशेबानेच हे ट्रान्समीटर बनवलेले असतात. बंद टरेटमध्ये वारा नाही. त्यात आपला एप्रिल-मे चाळिशीच्या वर, आणि गडद रंगाची बॉडी उन्हात उभी. बटण दाबून तो २५ मिलिवॅटवर आणा. मोकळ्या मैदानावर एवढ्यात शंभर मीटर सहज मिळतात, आणि त्यापलीकडे १:१६ चा रणगाडा नजरेने शोधावाच लागतो. पल्ला कमी वाटला तर ताकद वाढवू नका, गॉगलची अँटेना उंच करा. रणगाडा जमिनीलगत असल्याने अडथळा बहुतेक वेळा जमिनीचाच असतो.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र दोन रणगाडे एकत्र खेळवतो. एकाच्या गॉगलमध्ये दुसऱ्याचं चित्र येतं. शिवाय माझ्या रणगाड्याचा एक पट्टा मध्येच जड होतो. (अशोक चौक)

चॅनल लांबलांबचे घ्या. रेसबँड या ५.८ गिगाहर्ट्झच्या चॅनलसंचातला ३ क्रमांक ५७३२ मेगाहर्ट्झवर आहे आणि ६ क्रमांक ५८४३ वर, ही जोडी चांगली. दोन्ही ५७२५ ते ५८७५ या भारतात परवान्याविना खुल्या पट्ट्यात बसतात. रेसबँडचे ७ आणि ८ त्याबाहेर जातात, ते वापरू नका. एकाचा खेळ चालू असताना दुसऱ्याने चॅनल ठरवल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, एवढी शिस्त पाळा.

पट्ट्याचं कारण बहुधा कॅमेऱ्यात नाही. तुम्ही लिहिलंय की यंत्रमागाच्या शेडसमोर खेळता. जमिनीवरचं सूत दातेरी चाकाच्या आसावर गुंडाळतं आणि हळूहळू गिअरबॉक्सच्या तोंडाशी आवळत जातं. मोटारीवर ताण येतो, बॅटरी लवकर उतरते, ब्रशच्या ठिणग्या वाढतात आणि चित्रातल्या रेघाही. पट्टा उतरवा, चाकाचा स्क्रू काढा, ब्लेडच्या टोकाने सूत कापून चिमट्याने ओढा. ओढून तोडू नका, तुकडा आत राहतो. नंतर आसावर ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. जास्त लावलंत तर धूळ आणि सूत दोन्ही तिथेच चिकटेल.