पिकअपवर ४ लाख ६० हजारांचा खर्च : करावा की थांबावे?

प्रश्न : माझे वय ३८ असून नारायणगावजवळ आमची टोमॅटो आणि द्राक्षांची शेती व खते-औषधांचे दुकान आहे. सर्व मिळून महिन्याला सरासरी १ लाख १० हजार रुपये हाती उरतात, पण ते हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात. घरखर्च ५५ हजारांचा आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस फोर बाय फोर गाडीचे ५ लाखांचे कर्ज बाकी असून २४,८०० रुपयांचे २२ हप्ते राहिले आहेत. शेताच्या वाटेवर गाडी खालून घासते, २० क्रेट टाकले की मागून बसते, आणि येत्या जूनमध्ये मित्रांबरोबर हिमाचलमधील स्पितीला जाण्याचा बेत आहे. पुण्यातील एका दुकानाने पुढील कोटेशन दिले आहे : दोन इंच उंची वाढविणारा सस्पेन्शन संच १,४५,०००, अप्पर कंट्रोल आर्म (पुढच्या चाकाला वरून धरणारा दांडा) ३८,०००, पाच ऑल टेरेन (कच्च्या वाटेवरही चालणारे) टायर १,००,०००, पुढचा लोखंडी बंपर ६२,०००, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) ५५,०००, फेंडर फ्लेअर (चाकांवरील कमानीच्या रुंद पट्ट्या) २२,०००, स्नॉर्कल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी) १८,००० आणि मजुरी २०,०००. साडेचार लाखांच्या मुदत ठेवीतून ३ लाख आणि उरलेले १ लाख ६० हजार दोन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून १४ टक्क्यांनी उभे करावेत, असा विचार आहे. मुलगी आठवीत आहे. हा निर्णय योग्य ठरेल का?

उत्तर : आपण खर्चाचा तपशील, उत्पन्न आणि पैशांची सोय हे तिन्ही मोकळेपणाने कळविले आहे, त्यामुळे उत्तरही स्पष्ट देता येते. संपूर्ण काम यंदा करू नये, असे माझे मत आहे. टायर आणि मागच्या पाट्यांची (भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) दुरुस्ती एवढे काम जरूर करावे; उंची वाढविण्याचा विचार गाडीचे कर्ज फिटेपर्यंत बाजूला ठेवावा; आणि लोखंडी बंपर, विंच व स्नॉर्कल यांवर या गाडीसाठी पैसे घालूच नयेत. यातील शेवटची शिफारस आपल्याला खटकेल याची मला कल्पना आहे, म्हणून तिची कारणे सविस्तर देतो.

आधी आपल्या दोन तक्रारी पाहू, कारण कोटेशनमधील बराचसा खर्च त्यांच्यावर उतारा म्हणून सुचविलेला आहे. व्ही-क्रॉसला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे आहेत. मागचा अॅक्सल अखंड असल्यामुळे पाटे उंच केले, तरी वर उचलली जाते ती बॉडी आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा). मागच्या डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, म्हणजे चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला बहुतेक वेळा जो घासतो तो भाग, होता तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरचा व्यास वाढला तरच वाढते. म्हणून खालून नेमके काय घासते, हे आधी गाडीखाली वाकून पाहावे. घासल्याच्या खुणा डिफरेन्शियलवर असतील, तर १ लाख ४५ हजारांचा संच बसवूनही तीच खूण पुन्हा उमटेल. खुणा पायदानावर किंवा मधल्या चॅसीवर असतील, तर उंची वाढविल्याने फरक पडेल हे मान्य करायला हवे. मात्र अशा खुणा बहुधा गाडी मागून बसल्यामुळे होतात, आणि ते दुखणे निराळे आहे.

गाडी मागून बसते का, हे घरच्या घरी मोजता येते. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे आणि त्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीशी ताडून पाहावे. पाट्यांच्या पानांवर आडवी बारीक गंजरेषा दिसते का, शॅकलचे (पाटे चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश फाटले आहेत का, शॉक अॅब्सॉर्बरवर तेल ओघळले आहे का, हेही पाहून घ्यावे. तीन वर्षे क्रेट वाहिलेल्या गाडीचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर थकलेले असणे स्वाभाविक आहे. ते बदलून पाट्यांची तपासणी करून घेतली, तर माझ्या अंदाजाने हे काम ४० ते ४५ हजारांत बसावे.

मात्र त्याआधी आपले आरसी बुक काढून त्यावरील भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. येणाऱ्या आकड्यात चालक, सहप्रवासी आणि माल असे सगळेच धरलेले असते, आणि हौशी वापरासाठी विकल्या जाणाऱ्या पाच आसनी पिकअपमध्ये तो आकडा मालकांच्या समजुतीपेक्षा बराच लहान असतो. २० किलोचे २० क्रेट म्हणजे ४०० किलो होतात. पाटे कितीही जाड बसविले, तरी नोंदलेली वजनक्षमता एका किलोनेही वाढत नाही. उलट लोखंडी बंपरचे साधारण ६० किलो, विंचचे ३५ किलो आणि जड टायरचे काही किलो असे शंभराहून अधिक किलो कायमचे गाडीवर चढतात, म्हणजे पाच क्रेटची जागा आपण स्वतःच्या पैशाने गमावतो. शिवाय हा भार पुढच्या बाजूला येतो, तिथली वाढविलेली उंची काही प्रमाणात खाऊन टाकतो आणि चाकांना ताकद पोहोचविणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटवर (वाकणाऱ्या सांध्यावर) ताण वाढवितो.

आता विम्याकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या निर्णयाचे खरे वजन तिथे आहे. आपण ४ लाख ६० हजारांचा हिशेब मांडला आहे, पण पणाला लागते ती अख्खी गाडी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मज्जाव असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पुढच्या लोखंडी संरक्षक गजांबाबत तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळविले होते. त्यामागे पादचाऱ्यांच्या जिवाचा विचार आहे आणि आपल्या कुटुंबाच्याही, कारण गाडीचा पुढचा भाग धक्का शोषून चुरगळावा आणि एअरबॅग योग्य क्षणी उघडाव्यात, ही मूळ रचना जाड लोखंडामुळे बिघडू शकते.

दुकानदार सांगतील की आरटीओत कोणी विचारत नाही. नाक्यावर कदाचित विचारणार नाहीतही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चारही बाजूंनी फोटो काढतो, आणि न कळविलेला बदल त्याच्या अहवालात आला की आपल्या नुकसानीचा क्लेम कापला जाण्याची किंवा नाकारला जाण्याची वाट मोकळी होते. गाडीवर ५ लाखांचे कर्ज आहे; गाडी निकामी झाली आणि क्लेम अडला, तर २२ हप्ते भरावेच लागतील आणि दारात गाडी नसेल. तिसऱ्या पक्षाला, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या दुसऱ्या व्यक्तीला, भरपाई मिळाली, तरी पॉलिसीच्या अटी मोडल्याचे कारण दाखवून कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा दावा करू शकते. हा धोका आपल्या मुदत ठेवीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पॉलिसी हातात घेतलीच आहे, तर ‘वापराची मर्यादा’ हे कलमही वाचावे. खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक, तसेच शर्यती आणि वाहनाच्या क्षमतेच्या चाचण्या संरक्षणाबाहेर असतात. आपली गाडी खासगी म्हणून नोंदलेली असेल आणि विमाही तसाच असेल, तर बाजारात क्रेट पोहोचविताना झालेल्या अपघातात हे कलम पुढे येऊ शकते. माझा आग्रहाचा सल्ला असा की बाजाराचा माल भाड्याच्या छोट्या हत्तीने पाठवावा. त्या भाड्याकडे खर्च म्हणून पाहू नये. त्यामुळे आपल्या गाडीचे पाटे वाचतील आणि विम्याचा वादही टळेल.

स्नॉर्कलचे तसेच आहे. तो बसविण्यासाठी फेंडर कापावा लागतो, आणि पाण्यातून जाताना हवेचा मार्ग उंच झाला तरी वायरिंग, गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा सोडणारी तोंडे) आणि दारांचे रबर जुन्याच उंचीवर राहतात. पाणी शिरून इंजिन बिघडल्यास साध्या पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी असते. नूतनीकरणाच्या वेळी तिच्या हप्त्याची चौकशी करावी, १८ हजारांपेक्षा तो कितीतरी कमी निघेल. फेंडर फ्लेअरबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. त्याने गाडी रुबाबदार दिसते. हौस म्हणून पुढे कधी घेतल्यास हरकत नाही, पण कर्ज काढून घेऊ नये.

आता पैशांची सोय. घरखर्च आणि हप्ता मिळून आपल्याला महिन्याला सुमारे ८० हजार लागतात. शेती आणि उधारीवर चालणारे दुकान अशी दोन्ही उत्पन्ने एकाच पावसावर आणि एकाच बाजारभावावर अवलंबून असल्याने किमान सहा महिन्यांची तरतूद, म्हणजे ४ लाख ८० हजार, हाताशी हवी. टोमॅटोचा भाव पडला की क्रेटचे पैसे तर जातातच, पण शेतकऱ्यांकडील दुकानाची उधारीही त्याच महिन्यांत अडकते, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिलेले आहे. आपली साडेचार लाखांची ठेव म्हणजे जेमतेम ही तरतूदच आहे. तिला शिल्लक समजू नये. त्यातून ३ लाख काढले, तर हाती दोन महिन्यांचाही खर्च उरत नाही. वैयक्तिक कर्जाचा हप्ता सुमारे ७,७०० रुपये येईल, दोन वर्षांत व्याजापोटी २४ हजारांच्या वर जातील, आणि एकूण हप्ते साडेबत्तीस हजारांवर पोहोचतील. सरासरी उत्पन्नात ते बसतात, यात शंका नाही. पण बँक हप्ता सरासरीने घेत नाही, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेते, आणि आपले उत्पन्न त्या तारखेला येईलच असे नाही.

कोटेशनमध्ये न दिसणारा एक खर्चही जोडावा लागेल. वजन, उंची आणि जाड खाचांचे टायर यांमुळे अॅव्हरेज लिटरला ११ किलोमीटरवरून १० वर आले आणि वर्षाला १५ हजार किलोमीटर चालले, तर सुमारे १३६ लिटर डिझेल जादा लागते, म्हणजे ९० रुपये दराने १२ हजार. वॉरंटी चालू असेल, तर सस्पेन्शन आणि ड्राइव्ह शाफ्टबाबतची तिची जबाबदारी बदलानंतर कंपनी स्वीकारेल का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे. विकताना या वस्तूंचे पैसे वसूल होतील, ही अपेक्षा धरू नये. जुन्या गाडीचे मूल्यांकन मूळ मॉडेल आणि सालावर होते, आणि बदल पाहून सावध होणारे ग्राहक पुष्कळ असतात.

म्हणून माझी योजना अशी. मुदत ठेवीला हात लावू नये आणि वैयक्तिक कर्ज घेऊ नये. पाट्यांची तपासणी व दुरुस्ती आत्ताच करावी. उत्पादकाने दिलेल्या मूळ मापातच चार ऑल टेरेन टायर हंगामाचे पैसे आणि उधारी हाती आल्यावर घ्यावेत, आणि जुन्यांपैकी सर्वांत चांगला टायर स्टेपनीला ठेवावा. माप तेच राहिल्याने स्पीडोमीटर, एबीएस आणि विमा यांचा प्रश्न येत नाही, आणि ओल्या मातीत पकड मात्र नक्की सुधारते. विंचऐवजी चांगला रिकव्हरी पट्टा (अडकलेली गाडी ओढण्याचा), तो अडकविण्याची शॅकल (कडी), फावडे आणि हवा भरण्याचा कॉम्प्रेसर घ्यावा. एकट्याने आडवाटेला जात नसाल, तर दुसरी गाडी आणि पट्टा एवढ्यावर बहुतेक वेळा सुटका होते. हे सर्व मिळून एक लाख ४० हजारांच्या आसपास जाईल आणि दोन टप्प्यांत रोखीने होईल.

हप्ते संपल्यावर तेच २४,८०० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकावेत. वर्षभरात व्याज न धरता २ लाख ९७ हजार होतात. त्यातून आधी आपत्कालीन तरतूद ४ लाख ८० हजारांवर आणावी. मुलगी तेव्हा दहावीच्या पुढे असेल. तिच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढूनही पैसे उरले आणि उंची वाढविण्याची गरज तेव्हाही वाटली, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवून, त्यांचे एंडोर्समेंट (पॉलिसीत बदलाची लेखी नोंद) हातात आल्यावरच सस्पेन्शनचे काम द्यावे. मूळ स्प्रिंग आणि पाटे गोदामात जपून ठेवावेत.

स्पितीला मात्र अवश्य जावे. मनालीकडून स्पितीतील काझाला जाताना साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड लागते आणि रस्ता दगडधोंड्यांचा आहे, पण उन्हाळ्यात हिमाचलची सरकारी बस त्याच रस्त्याने धावते. नव्या टायरची, मूळ उंचीची आणि फोर बाय फोर असलेली आपली गाडी तो रस्ता सहज पार करील. जूनच्या सुरुवातीला खिंड उघडली आहे की नाही याची खात्री करून निघावे. उघडली नसेल, तर शिमला-किन्नौरकडून जावे. प्रवासाचा खर्च आत्तापासून दरमहा वेगळ्या खात्यात साठवावा आणि निघण्यापूर्वी पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची सोय आहे का, ती हिमाचलच्या त्या भागात मिळते का, हे कंपनीला ई-मेलने विचारून उत्तर जवळ ठेवावे.