एअर पिस्तुलाचे पार्ट ओरिजिनलच घ्यावेत का, आणि घरी बसवता येतात का?

तुम्ही लिहिलंय की 10 मीटरसाठी सेकंडहँड एअर पिस्तूल घेतलंय, ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा), ट्रिगर ब्लेड (बोट टेकतं ती पट्टी) आणि ग्रिप बदलायची आहे, कंपनीचेच पार्ट घ्यावेत का आणि स्वतः बसवता येतात का. खाली दोघातिघांनी "ओरिजिनल घ्या, विषय संपला" असं लिहिलेलं वाचलं आणि माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य ऐकून मी एक मॅच घालवलीय.

माझं पिस्तूल व्यवस्थित चालत होतं. जुनं ब्लेड सरळ होतं, बोट कधी वर कधी खाली पडायचं म्हणून मी त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं वक्र ब्लेड मागवलं. पार्ट एकदम ओरिजिनल, नंबरसुद्धा जुळणारा. आमच्या रेंजवर एक सिनियर दादा आहेत, सगळ्यांची पिस्तुलं तेच उघडतात. मॅचच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ॲलन की घेतली, पाच मिनिटांत ब्लेड बदलून दिलं. मी विचारलं, दादा ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला ब्लेडवर किती भार लागतो ते, परत तपासायचं का, तर म्हणाले कंपनीचा पार्ट आहे, त्याला काय धाड भरलीय. घरी आधी 510 ग्रॅम भरलेलं मला माहीत होतं. मी पण गप्प बसलो. त्यात माझी चूक आहेच, नाही म्हणत नाही.

सकाळी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचआधी पिस्तुलं तपासतात तिथे, 500 ग्रॅमचं वजन ब्लेडला लटकवलं (ट्रिगरने किमान एवढं न सुटता उचलायला हवं) आणि पिस्तूल उचललं, टक्, ट्रिगर सुटला. परत उचललं, टक्. तीन वेळा उचलायला देतात, तिसऱ्यांदाही टक्. आता झालं काय ते बघा. ट्रिगरचा पिव्हट वर असतो आणि लटकवलेलं वजन ब्लेडच्या खोलगट भागात जाऊन बसतं. जुन्या ब्लेडवर ती जागा समजा पिव्हटपासून 25 मिलिमीटरवर होती, नव्याचा खोलगटपणा जरा खाली, 27 वर. तरफ लांबली! 25 वर 510 ग्रॅम भरत असेल तर 27 वर तेच 472 होतं. स्प्रिंगला कोणी हात लावला नाही, स्क्रू हलला नाही, तरी पिस्तूल नियमाबाहेर. दादा अजून म्हणतात कंट्रोलवाल्यांचं वजन चुकीचं होतं. अहो, लोखंडाचा ठोकळा असतो तो.

मग घाईत मी फर्स्ट स्टेजचा (ट्रिगरचा पहिला हलका दाब, त्यानंतर बोटाला अडते ती भिंत म्हणजे सेकंड स्टेज) स्क्रू पिळला, कारण हाताला तोच सापडला. एकूण वजन वाढलं, पिस्तूल पासही झालं, पण सेकंड स्टेज होती तेवढीच राहिली, त्यामुळे पहिला दाब जड आणि पुढची भिंत बोटाला कळेचना, साइट अजून डोलतेय तोवर गोळी सुटलेली. पहिल्या सिरीजला, म्हणजे दहा शॉटला, 100 पैकी 84. 60 शॉटची मॅच, 75 मिनिटं, त्यातली निम्मी मी स्वतःच्या बोटाशी भांडण्यात घालवली.

आणि गंमत म्हणजे ह्याच पिस्तुलात हवेच्या सिलिंडरच्या जोडाची ओ-रिंग मी साध्या हायड्रॉलिक सीलवाल्याकडची टाकलीय, हवा तिळभर जात नाही. का, तर मी मापून घेतली. जुनी रिंग दबून चपटी झालेली असते, तिच्यावरून माप घेतलं तर फसाल, खाचेची रुंदी आणि व्यास व्हर्नियरने घ्या. 200 बारच्या जागी 70 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग टिकेलच असं नाही, 90 ची मागा. जुनी काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, खाचेला एक ओरखडा पडला की मग सोन्याची रिंग बसवा, हवा जाणारच. लाकडी टूथपिक पुरते. सिलिकॉन ग्रीस बोटावर जेमतेम दिसेल इतकंच, आणि दाबाच्या हवेच्या वाटेत मशीनचं तेल अजिबात नाही, ते पेट घेऊ शकतं.

तेव्हा ओरिजिनल की डुप्लिकेट हा प्रश्नच अर्धवट आहे. पार्ट बदलल्यावर मापलं की नाही, एवढं विचारा. आणि एका वेळी एकच पार्ट. तुम्ही तिन्ही एका रविवारी बदलणार आणि मग ग्रुप (टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका) खाली का पडतोय ते ग्रिपला विचारणार की ट्रिगरला?

ग्रिपचं थोडक्यात. पुट्टी लावून हाताला जुळवा, पण अख्खं पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं, आणि लोक पुट्टी थापून थापून नेमके त्या 50 मध्ये अडकतात. तळव्याखालचा टेकू ग्रिपशी 90 अंशापेक्षा कमी कोनात नको, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. सगळं मिळून वजन 1500 ग्रॅमच्या आत.

ट्रिगर घरी तपासताना ड्राय फायर मोडवर (हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायची सोय) तपासू नका, नियमाप्रमाणे हवा चार्ज असताना मोजतात. (आत पेलेट, म्हणजे छर्रा, नाही ना हे दोनदा बघून, आणि नळी सुरक्षित दिशेला.) मी आता 500 च्या काठावर ठेवतच नाही, 515-520 ठेवतो.

हां, एक राहिलंच, वर मी फार जोरात बोललो. ओ-रिंग बाहेरची चालते म्हणून व्हॉल्व, रेग्युलेटर आणि सिलिंडर स्वतः उघडायला जाऊ नका, तिथे पार्ट पण कंपनीचा आणि हात पण कंपनीच्या माणसाचा. सिलिंडरवरची तारीख आजच बघा, बऱ्याच कंपन्या 10 वर्षं देतात, सेकंडहँडमध्ये ती उलटून गेलेली असू शकते, मग बाकी पार्टचा विचार नंतर. काहीही खोलायच्या आधी सिलिंडर काढा आणि आत उरलेली हवा सोडा. आणि हे सगळं एअर पिस्तुलाचं, 25 मीटरच्या .22 ला ट्रिगर 1000 ग्रॅमचा लागतो, तिथले पार्ट मी कधी बदललेले नाहीत.

ब्लेड काढायच्या आधी जुन्याची जागा बारीक मार्करने खुणून ठेवा. मी खूण केली नव्हती, जुनं ब्लेड परत बसवून बोट पूर्वीसारखं पडायला मला तीन आठवडे लागले.