दूध प्यायल्यावर बाळाचा ढेकर निघत नसेल तर काय करावे?

आपले बाळ ६ आठवड्यांचे आहे, दूध पिऊन झाल्यावर कळवळून रडते, पाय पोटाशी घेते आणि वीस-वीस मिनिटे पाठ थोपटूनही ढेकर निघत नाही, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे, आणि मोठीच्या वेळी मीही रात्री-अपरात्री अशीच थोपटत बसत असे. माझ्या बाबतीत थोपटण्याचा जोर किंवा वेळ वाढवून काही साधले नाही. बाळाला धरण्याची पद्धत बदलली, तेव्हा फरक पडला.

दूध पिताना आणि रडताना बाळ हवा गिळते. बाळ ताठ असले की ही हवा दुधाच्या वर, जठराच्या वरच्या टोकाला जमते आणि अन्ननलिकेतून सहज बाहेर पडते; उताण्या बाळाच्या पोटात मात्र अन्ननलिकेचे तोंड दुधाखाली जाते आणि हवा आतच अडकते. म्हणून बाळाला खांद्यावर घेताना ते नुसते छातीशी न टेकवता थोडे वर घ्यावे, म्हणजे त्याच्या पोटावर आपल्या खांद्याचा हलका दाब येतो. माझ्या मुलीला मात्र मांडीवर बसवणे अधिक मानवले. एका हाताचा तळवा तिच्या छातीवर ठेवून, अंगठा व बोटांनी जबड्याला आधार देऊन (गळ्यावर दाब अजिबात येऊ नये) तिला किंचित पुढे झुकवायचे आणि दुसऱ्या हाताने पाठ खालून वर चोळायची. या वयात बाळाने मान धरलेली नसते, त्यामुळे मानेचा आधार क्षणभरही सुटता कामा नये. पुष्कळदा तिला मांडीवरून उचलून खांद्यावर घेतानाच ढेकर निघे. थोपटायचे असल्यास हाताची ओंजळीसारखी वाटी करून हलकेच थोपटावे.

दूध संपेपर्यंत थांबू नये. अंगावर पाजत असाल तर बाजू बदलताना, आणि बाटलीने देत असाल तर साधारण दर ६० ते ९० मिलिलिटरनंतर, एकदा बाळाला ताठ धरावे. खरे तर हवा मुळात कमी गिळली जावी, याकडे मी अधिक लक्ष देईन. अंगावर पिताना केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा भाग बाळाच्या तोंडात असावा. बाटली अशी धरावी की निपल दुधाने भरलेले राहील. आणि पावडरचे दूध हलवल्यावर त्यावरचा फेस बसू द्यावा. भूक अनावर होऊन बाळ रडू लागण्यापूर्वीच पाजायला घेतले, तर ते घाईघाईने गिळत नाही.

एवढे करूनही पाच-सात मिनिटांत ढेकर आला नाही, तर थांबावे. प्रत्येक वेळी ढेकर यायलाच हवा असे नाही, आणि अंगावर पिणारी बाळे बहुधा हवाही कमी गिळतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७१ बाळांना ३ महिने पाहिले गेले. ढेकर काढल्याने पोटशूळाचे रडणे लक्षणीय कमी झाले नाही, उलट दूध वर काढण्याचे प्रमाण वाढले. हे वाचून माझ्या मनावरचे ओझे बरेच उतरले, कारण तोवर तिच्या प्रत्येक रडण्याचा दोष मी न निघालेल्या ढेकराला, म्हणजे पर्यायाने स्वतःलाच देत होते.

ढेकराने केवळ जठरातली हवा निघते. आतड्यांतला वायू खालच्या वाटेनेच जातो, आणि आपले बाळ पाय पोटाशी घेते ते त्यामुळेही असू शकेल. अशा वेळी त्याला उताणे ठेवून पाय सायकल चालवल्यासारखे हळूहळू हलवावेत, किंवा ते जागे असताना आपल्या देखरेखीखाली थोडा वेळ पालथे घालावे. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच झोपवावे, ढेकर निघालेला असो वा नसो. दूध वर काढत असेल, तर पाजल्यानंतर २० ते ३० मिनिटे उभे धरून मगच निजवावे.

बहुतेक बाळांचे रडणे ६ आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि ३ ते ४ महिन्यांत ओसरते, त्यामुळे आपण सध्या सर्वांत कठीण दिवसांत आहात. तरीही उलटी हिरवी किंवा जोराची होत असेल, शीमध्ये रक्त दिसले, पोट फुगून कडक झाले, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असला, बाळ दूध घेईनासे झाले किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर ढेकराची वाट न पाहता त्याला लगेच डॉक्टरांना दाखवावे.