म्हाताऱ्या मांजरीला आंघोळ नको, आधी तिचं दुखणं शोधा

ताई, तुमचा प्रश्न असा, की मडगावच्या फ्लॅटमधली तुमची १६ वर्षांची अर्धी पर्शियन मांजर दोन महिन्यांपासून अंग चाटत नाही, कमरेवर केसांच्या गाठी झाल्यात, मागून वास येतो. शेजारणी म्हणतात शाम्पूनं न्हाऊ घाल, सासूबाई म्हणतात खोबरेल लाव. काय करावं?

दोन्ही करू नका. आमची मांजर चिंगी इथं गोव्यातच, वाळपईत १७ वर्षं जगली आणि शेवटची तीन वर्षं तिची स्वच्छता माझ्याच हातात होती, म्हणून सविस्तर लिहिते.

मांजर चाटणं सोडते ते आळसानं नव्हे. आमच्याकडेही सगळे 'वय झालं' म्हणायचे आणि मीही सहा महिने तेच मानलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाठ चाटायची तर मान पूर्ण वळवावी लागते, कंबर वाकवावी लागते. सांधे धरले की ते जमत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यांतल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज सापडली. म्हणूनच म्हाताऱ्या मांजरीचा गुंता बहुतेक वेळा कमरेवर आणि शेपटीच्या बुंध्याशी होतो, जिथं तिचं तोंड पोचत नाही तिथं. तुम्ही लिहिलेली जागा नेमकी तीच आहे.

दुसरं कारण तोंडातलं. चिंगीचे पुढचे पायसुद्धा मळकट राहायला लागले तेव्हा पशुवैद्यांनी तिचा जबडा उघडून बघितला. मागच्या दोन दाढा खराब होऊन हिरडी सुजली होती. दाढा काढल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा पंजे चाटताना दिसली. तेव्हा आधी डॉक्टरांना तोंड, सांधे आणि वजन दाखवा, रक्त तपासून घ्या. पाणी फार पीत असेल, लघवी वाढली असेल तर ते आवर्जून सांगा. मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह, सगळ्यांची सुरुवात अशी होऊ शकते. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

आता गाठी. कात्री हातात घेऊ नका, हे मी अनुभवानं सांगते. गाठ कातडीला इतकी चिकटलेली असते की तिच्याबरोबर कातडीही वर ओढली जाते, आणि म्हातारपणी ती कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. मला वाटलं मी केस कापतेय. चिंगी ओरडली तेव्हा बोटभर जखम झाली होती. टाके घालावे लागले आणि पुढं महिनाभर ती माझ्या हातात फणी दिसली की पलंगाखाली जायची. छोटी गाठ असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळा, दोन बोटांनी केस मुळाशी घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून बोटांनीच सोडवत या. एका दिवशी एकच गाठ. नमद्यासारखी घट्ट झालेली असेल तर ती दवाखान्यात मशीननं काढून घ्या. त्याच वेळी शेपटीखालचे आणि मागच्या मांड्यांचे केस बारीक करायला सांगा. लांब केसांच्या मांजरीचा निम्मा वास तिथंच संपतो.

आंघोळ का नको, ते आपल्या पावसाळ्याशी बांधलेलं आहे. आमच्या वाळपईत पाऊस इंचांचं शतक गाठतो त्या दिवसांत दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, मग दाट केसांखालची कातडी कशी वाळणार? ओल राहिली की बुरशी धरते, आणि मांजरीचं गजकर्ण घरातल्या माणसांनाही होतं. शिवाय भिजलेल्या केसांची गाठ आणखी आवळते. थंडीनं कुडकुडून सांधे दुखतात ते वेगळंच. शेजारीण मलाही रोज सांगायची, "तिका न्हाणय गे." मी ऐकलं नाही ते बरंच झालं.

त्याऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा आणि केसांच्या दिशेनं आखूड आखूड हात फिरवायचा. आई पिल्लाला चाटते तसा. चिंगीला ते इतकं आवडायचं की ती डोळे मिटून माझं मनगट चाटायला लागायची. कपडा फिरला की लगेच कोरड्या पंचानं पुसायचं, मग मऊ ब्रश, तोही कमरेच्या हाडावर अगदी हलका. सगळं मिळून पाच मिनिटं, सकाळी बाल्कनीत ऊन असेल तेव्हा. अंग उन्हानं गरम झालेलं असलं की ती जास्त सोसते. उठून जायला लागली तर जाऊ द्यायचं, उरलेलं संध्याकाळी. डोळ्यांना वेगळा कापूस, प्रत्येक डोळ्याला नवा, नाकाकडून बाहेर. बारीक दातांच्या फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग उठला तर ती पिसवांची विष्ठा. मग औषध फक्त मांजरीचंच आणा. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजरीला विष आहे.

खोबरेल तिला विषारी नाही, पण केस चिकटतात, धूळ बसते, आणि ती ते चाटलीच तर जुलाब होऊन मागची बाजू पुन्हा माखते. घरच्या तेलात कापूर घातलेला असेल तर अजिबातच नको. डेटॉलचं पाणीही नको. फिनेलनं लादी पुसली तर कोरडी होईपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण पंजाला लागलेलं शेवटी पोटात जातं आणि मांजरीचं यकृत असले पदार्थ नीट मोडू शकत नाही.

वासाचं आणखी एक कारण म्हणजे तिचा वाळूचा ट्रे. कड उंच असली की दुखऱ्या पायांनी आत चढवत नाही, मग ती काठावरच बसते आणि स्वतःलाच माखून घेते. मी प्लास्टिकच्या टबची एक बाजू तीन बोटं उंची ठेवून कापली आणि धार घासून घेतली. खिडकीत चढायला पायरी म्हणून जेवायला बसायचा जुना पाट ठेवला. झोपायला घडी घातलेली गोधडी, वाऱ्यापासून दूर. एवढ्यानं तिची हालचाल वाढली आणि मागचा भाग निम्म्यानं स्वच्छ राहायला लागला.

काही दिवशी ती अजिबात हात लावू देणार नाही. त्या दिवशी फक्त मागची बाजू पुसा, बाकी सोडा. पण दिवसभर काही खाल्लं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. मांजर उपाशी राहिली तर यकृतावर लवकर परिणाम होतो.

नखांचं तुम्ही विचारलं नाही, पण चादरीत अडकतात असं सहज लिहिलंय, म्हणून सांगते. म्हातारी मांजर नखं घासत नाही. ती जाड होतात, वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात. आज ती गाढ झोपली की पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख आधी बघा, तेच सगळ्यात लवकर रुततं. रुतलं नसेल तर टोकाचा पारदर्शक भाग तेवढाच कापा, गुलाबी भाग सोडून, दिवसाला दोन नखं. आत शिरलेलं दिसलं तर हात लावू नका, उद्याच दवाखान्यात न्या.