नाडी पाहून हृदयातलं ब्लॉकेज कळतं का?

तुमचा प्रश्न असा: इंदुरात एका वैद्यांनी ५८ वर्षांच्या बाबांची नाडी पाहून "कफाची मंद नाडी, हृदयात ४० टक्के ब्लॉकेज" असं सांगितलं. बाबांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. आता काढा घ्यायचा की तपासण्या करायच्या?

तपासण्या करा. नाडीवरून ब्लॉकेजचे टक्के काढता येत नाहीत. मनगटाशी लागते ती हृदयाच्या डाव्या कप्प्याने बाहेर फेकलेल्या रक्ताची लाट. ब्लॉकेज होतं हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत, आणि त्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद असतात. तिथली अर्धी वाट बुजली तरी बसल्या जागी हृदय नीट चालतं आणि नाडी भरलेली लागते. हार्ट अटॅक येत असतानाही ती अगदी नेहमीसारखी असू शकते.

म्हणून नाडी फोल आहे असं मात्र मुळीच नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या या धमनीला जीवसाक्षिणी, म्हणजे जिवाची साक्ष देणारी, म्हटलंय, आणि थांबून थांबून चालणारी नाडी घातक ठरवलीय. ठोक्यांची लय बोटांना खरोखर कळते. ती घरीही पाहता येते.

सकाळी, पोहे-जलेबी आणि चहाच्या आधी पाहा. खाल्ल्यावर नाडी बदलते. बाबांना ५ मिनिटं शांत बसवा, हात हृदयाच्या पातळीला टेकवून ठेवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या मुळाखाली ओळीने ठेवा. परंपरेत ही वात, पित्त, कफाची स्थानं; पुरुषाचा उजवा हात पाहतात, स्त्रीचा डावा. आपला अंगठा वापरू नका, त्याचेच ठोके लागतात. फार दाबलंत तर लाट बुजते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमितपणा निसटतो.

विश्रांतीत ६० ते १०० ठीक. मध्येच एखादा ठोका चुकून पुढचा जोरात लागला, तर बहुतेक वेळा तो निरुपद्रवी जादा ठोका असतो. पण दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं, कुठलाच ताल सापडत नाही, असं असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. ते एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) असू शकतं, त्यात लकव्याचा धोका वाढतो. अशा वेळी काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. एकाने छातीवर स्टेथोस्कोप लावून आणि दुसऱ्याने मनगटाशी, त्याच मिनिटात मोजलं तर आकडे जुळत नाहीत.

बाबांच्या "मंद" नाडीचं कारण बहुधा मेटोप्रोलॉलच. ते ठोके कमी करतं. नाडी दाखवताना ही गोळी सांगितली नाही तर चांगला वैद्यही फसेल.

दोन्ही दंडांवर बीपी, ईसीजी, साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) एवढं आधी करून घ्या. चालताना छाती भरून येत असेल किंवा धाप लागत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पुढच्या तपासण्या ठरवतील. बाबांना मधुमेह असेल तर छातीत दुखत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आणि दाब येऊन घाम फुटला, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर नाडी पाहत बसू नका, १०८ ला फोन लावा.

काढा घ्यायचाच असेल तर त्यात काय आहे ते डॉक्टरांना सांगून घ्या. मेटोप्रोलॉल मात्र आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवलं तर बीपी आणि ठोके उसळतात.