‘कृपेत वाढत जा’ : यातला ‘त’ कोणता?

नागपूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. तिथल्या सदर या भागात शेजाऱ्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला प्रार्थना झाली. चर्चच्या पाळकांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘प्रभूच्या कृपेत वाढत जा’ असा आशीर्वाद दिला. वाचक म्हणतात, आपण कृपा होते, कृपा करा, कृपा असू द्या म्हणतो. पण कृपेत माणूस वाढतो कसा? ही इंग्रजीवरून उचललेली रचना तर नव्हे?

नव्हे. हे बायबलमधलं वचन आहे, पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटचं (३:१८): ‘आपला प्रभू व तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या कृपेत व ज्ञानात वाढत जा.’ मूळ ग्रीकमध्ये कृपेसाठी ‘खारिस’ हा शब्द आहे आणि त्याच्या आधी ‘एन’, म्हणजे ‘मध्ये’. सप्तमी आली ती तिथून. मराठीला मात्र ती मुळीच परकी नाही.

‘वाढ’ आणि ‘त’ यांची जोडी आपण दोन तऱ्हांनी वापरतो. ‘पगारात वाढ झाली’ म्हटलं की वाढतो तो पगार. ‘पोरगी लाडात वाढली’ म्हटलं की वाढते ती पोरगी. लाड तिच्या भोवती आधीपासून असतात, तिने ते कमावलेले नसतात. गरिबीत वाढला, माणसांत वाढला, हे सगळे याच जातीचे. कृपेतला ‘त’ हा लाडातला ‘त’ आहे असं माझं ठाम मत आहे. गंमत अशी की त्याच वाक्यातल्या ‘ज्ञानात’चा ‘त’ पगाराच्या बाजूचा, कारण ज्ञान खरोखरच वाढतं. एकाच क्रियापदाला दोन्ही शेजारी शेजारी येऊन बसलेत.

लूकच्या शुभवर्तमानात (२:५२) लहानग्या येशूबद्दल जे लिहिलंय ते रूढ मराठी भाषांतरात पाहा: तो ‘ज्ञानाने, शरीराने’ आणि देवाच्या व माणसांच्या ‘कृपेत’ वाढत गेला. ग्रीकमध्ये तिन्ही शब्द एकाच विभक्तीत आहेत. मराठी भाषांतरकारांनी पहिल्या दोघांना ‘ने’ लावला आणि कृपेला तेवढा ‘त’. हा मराठी कान फार चांगला होता.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, ख्रिस्ती श्रद्धेचा कणा त्यात आहे. इफिसकरांस पत्रात (२:८) प्रेषित पौल लिहितो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने झालेलं आहे, ते देवाचं दान आहे, आपल्या हातून झालेलं नाही. तिथे तृतीया. दान आधी मिळतं, वाढ त्यानंतरची. मग प्रार्थना, उपास, सेवा हे कशासाठी? कृपा पदरात पाडून घेण्यासाठी नव्हे. पौलच करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:१०) सांगतो की मी इतर सर्व प्रेषितांपेक्षा जास्त श्रम केले. आणि लगेच पुढे म्हणतो, ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. श्रम नाकारलेले नाहीत, फक्त त्यांचा कर्ता बदललाय. कृपा आहे म्हणून हातावर हात ठेवून बसा, असा अर्थ काढणाऱ्यांना हे एक वचन पुरे आहे.

दुसरी बाजूही मोठी आहे. कृपा स्वतः माणसात वाढू शकते, असं कॅथलिक परंपरा मानते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५४७ साली तसं शिकवलं. प्रोटेस्टंटांचा भर तारण एकदाच, पूर्णपणे, फुकट मिळतं यावर. सदर भागात दोन्ही परंपरांची कॅथेड्रलं आहेत. त्यातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन यांनीही १९९९ मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या करून मान्य केलं की देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, माणसाच्या पुण्याईमुळे नाही.

‘अनुग्रह’ इथे का नको, असंही कोणी विचारेल. बायबलच्या मराठीत तो शब्द आहेच. पण आपल्याकडे अनुग्रह गुरूकडून घेतात आणि तो त्या दिवशी झाला की झाला. त्यात राहून वाढण्याची कल्पना ‘कृपा’ जास्त सहज पेलते. ‘ग्रेस’ म्हणावं तर नागपुरात आधी ‘ग्रेस’ नावाने लिहिणारे कवी माणिक गोडघाटेच आठवतात, नाहीतर परीक्षेतले ग्रेस मार्क, आणि हे मार्क काठावर अडकलेल्यालाच मिळतात. पौलाची कृपा काठ पाहत नाही.

तुम्हाला त्या मुलाला शुभेच्छापत्र लिहायचं असेल तर ‘कृपेत वाढत जा’ बिनधास्त लिहा. ‘तुझ्यावर कृपा वाढत राहो’ हेही चालेल: पेत्राचं तेच पत्र सुरू होतं ते ‘कृपा व शांती विपुल मिळो’ अशा अभिवादनाने. ‘कृपेने वाढ’ लिहिलंत तर मात्र अर्थ थोडा सरकतो. कृपा वाढीचं साधन होते, आणि तिच्या आत राहण्याची गोष्ट निसटते.