वाचकांचे प्रश्न : ‘माझा आवाज येतोय का?’

प्रश्न : मी ठाण्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. खोल्या अपुऱ्या पडत असल्याने एसवाय बीकॉमच्या माझ्या वर्गाचे शनिवारचे दोन तास यंदा ऑनलाइन होतात. पटावर ७२ मुले आहेत. साठेक जण हजेरीला असतात आणि त्यानंतर पडद्यावर नावांची आद्याक्षरे लिहिलेल्या काळ्या चौकटींखेरीज काही दिसत नाही. प्रश्न विचारला की शांतता पसरते. ‘माझा आवाज येतोय का?’ एवढेच मी अधूनमधून विचारत राहते आणि त्याला मात्र ‘येस मॅडम’ असे उत्तर ताबडतोब येते. हीच मुले वर्गात चांगली बोलतात. कॅमेरा सक्तीचा करावा का?
— एक प्राध्यापिका, ठाणे

उत्तर : मॅडम, तुमच्या तक्रारीचे मूळ तुमच्याच पत्रात आहे. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला माहीत असते, ते एका शब्दाचे असते आणि ते चुकले म्हणून कुणी हसण्याची शक्यता नसते. म्हणून ते येते. वर्गात बसलेला विद्यार्थी आधी शेजाऱ्याच्या कानात उत्तर पुटपुटतो, त्याची मान हलली की मग हात वर करतो. ऑनलाइन तासाला शेजारी नसतो. माइक सुरू केला की एकदम साठ जणांसमोर बोलायचे, आणि शिवाय घरातली माणसे ऐकत असतात ती वेगळीच. हा शेजारी मुलांना परत कसा मिळवून द्यायचा, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

कॅमेऱ्याची सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कळव्याच्या किंवा दिघ्याच्या एका खोलीच्या घरात विद्यार्थ्याच्या पाठीमागे आजी झोपलेली असते, कुकरची शिट्टी होत असते आणि धाकट्या भावाचा अभ्यास चाललेला असतो. हे सगळे वर्गाला दाखवण्याचा हुकूम आपण कोणत्या अधिकाराने सोडायचा? काही मुले शनिवारी कामावर जाताना लोकलमधूनच तासाला बसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा आणि स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणे ही दोन होती. ज्यांना शक्य आहे त्यांनी तासाच्या आरंभी दोन मिनिटे कॅमेरा लावून नमस्कार करावा, एवढी विनंती पुरेशी आहे.

आता शांततेबद्दल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांमधील तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असे आढळले. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ऑनलाइन तासाला तीन सेकंदही पुरत नाहीत, कारण आवाज पोहोचायला, बोटाने बटण शोधायला आणि धीर गोळा करायला वेळ लागतो. मनात पंधरा आकडे मोजावेत. मला ही सवय लागेना, म्हणून मी चहाचा कप जवळ ठेवू लागलो आणि प्रश्न विचारला की दोन घोट प्यायचे, असा नियम स्वतःला घालून घेतला. चहा वाढला, पण उत्तरेही वाढली.

थांबण्याइतकाच महत्त्वाचा आहे प्रश्नाचा घाट. ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय?’ असे विचारले, तर पाठ असलेली दोन मुले व्याख्या म्हणतील आणि बाकीची सुटकेचा निःश्वास सोडतील. त्याऐवजी असे विचारून पाहा : ‘कांदा २० रुपयांवरून ४० रुपये किलो झाला, तर तुमच्या घरी महिन्याला येणारा कांदा किती किलोंवरून किती किलोंवर येईल? घरात विचारून दोन आकडे चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.’ दोन मिनिटांनी सर्वांनी एकदम पाठवायचे. एकदम पाठवण्यात हुशारांची नक्कल करता येत नाही आणि चूक कुणाची, हेही उठून दिसत नाही. एखाद्याने ४ वरून ३ लिहिले, तर त्यालाच गणित करू द्यावे : मागणी २५ टक्क्यांनी घटली, किंमत १०० टक्क्यांनी वाढली, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले म्हणजे लवचिकता ०.२५, अर्थात मागणी अलवचिक : किंमत वाढली त्या मानाने मागणी थोडीच हलली. एखाद्या मुलाच्या वडिलांची मिसळीची गाडी असेल, तर तो लिहील की कांद्यावाचून धंदा चालत नाही, आमचा कांदा तेवढाच राहील. त्याची लवचिकता शून्य. तुमच्या वर्गात वाशीच्या बाजार समितीतील कांदा-बटाटा बाजारात रात्रपाळी करणारा एखादा विद्यार्थी नक्की असेल. त्याला त्या दिवशी बोलू द्यावे, तासाला वेगळीच धार येते. व्याख्या या सगळ्यानंतर सांगावी, म्हणजे ती कशाची व्याख्या आहे हे मुलांना ठाऊक असते.

शेजारी परत मिळवून देण्याचा एक मार्ग एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना १९९१ पासून रुजवला. शिक्षकाने प्रश्न आणि उत्तराचे काही पर्याय द्यायचे; आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून पर्याय निवडायचा, मग शेजाऱ्याला आपली बाजू पटवून द्यायची आणि पुन्हा मत द्यायचे. दोन मतदानांमधला फरक हाच तासाचा विषय होतो. ऑनलाइन तासाला तीन-तीन मुलांच्या छोट्या खोल्या (ब्रेकआउट रूम) करून हे साधते. मात्र साठ मुलांच्या वीस खोल्या होतात आणि तुम्ही एका वेळी एकाच खोलीत जाऊ शकता. म्हणून सर्वांना उघडता येईल अशी वीस पानांची एक सामायिक स्लाइड-फाइल आधीच करून ठेवावी, प्रत्येक खोलीला तिच्या क्रमांकाचे पान द्यावे आणि सहा मिनिटांत तिथे दोन ओळी लिहायला सांगाव्यात. कोणते पान कोरे राहिले आहे, हे तुम्हाला बसल्या जागी दिसते आणि नेमक्या त्याच खोलीत जाता येते. लिहून काही द्यायचे नसेल, तर त्या खोल्यांत क्रिकेटच्या गप्पा चालतात, हे गृहीत धरावे.

एवढे करूनही सात-आठ जण हजेरी लावून झोपतीलच. ते वर्गातही मागच्या बाकावर झोपत होते. त्यांच्यासाठी बाकीच्या पन्नास जणांना वेठीस धरू नये.

प्रश्न : नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विद्युत परिपथ शिकवतो. पावसात गाड्या रखडल्या की निम्मी मुले वर्गात आणि निम्मी घरी अशी स्थिती होते आणि दोघांना एकदम शिकवावे लागते. घरच्या मुलांना फळा दिसत नाही, वर्गातल्यांचे प्रश्न ऐकू येत नाहीत. शेवटी मी त्यांना विसरूनच जातो.
— एक साहाय्यक प्राध्यापक, ऐरोली

उत्तर : येथे दोन गोष्टींची गल्लत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाच्या संकल्पनेचा जो मसुदा प्रसृत केला, त्यात ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन करता येईल, असे सुचवले होते. म्हणजे काही तास इथे, काही तास तिथे. एकाच तासाला दोन ठिकाणी शिकवणे हे वेगळे आणि कितीतरी अवघड काम आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाचे ब्रायन बीटी यांनी २००६ च्या सुमारास या पद्धतीची जी मांडणी केली, तिचे एक सूत्र असे की दोन्हीकडच्या मुलांचे काम एकसारखे नसले तरी समान मोलाचे असावे. हे सूत्र तुमच्या सोयीचे आहे, कारण घरच्या मुलाला हुबेहूब वर्गाचा अनुभव द्यायचे ओझे त्याने उतरते.

सर्वांत आधी आवाज सुधारावा. चित्र अंधूक असले तरी मुले सांभाळून घेतात, आवाज तुटला की उठून जातात. कॉलरला लावायचा साधा बिनतारी माइक घ्यावा आणि वर्गात एकाच यंत्राचा माइक व स्पीकर सुरू ठेवावा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. वर्गातल्या मुलाने प्रश्न विचारला की उत्तर देण्यापूर्वी तो स्वतः पुन्हा म्हणावा. मागच्या बाकांनाही याचा फायदा होतो. परिपथाची आकृती फळ्याऐवजी कागदावर काढून त्यावर मोबाइल आडवा टांगावा आणि तेच चित्र प्रोजेक्टरवर टाकावे, म्हणजे दोन्हीकडे एकच फळा होतो.

विसरण्यावर उपाय माणसांचाच. दर तासाला वर्गातील एका विद्यार्थ्याकडे चॅट वाचण्याचे काम द्यावे आणि तुम्हाला मधेच अडवण्याची मुभाही द्यावी. पहिला प्रश्न नेहमी घरच्यांना विचारावा, कारण वर्गातल्यांची उत्तरे आधी आली की घरच्यांना सांगण्यासारखे उरत नाही. उदाहरण सोडवताना वर्गातील एक आणि घरचा एक अशी जोडी लावून त्यांना फोनवर बोलू द्यावे; वर्गात गलका होतो, पण तो कामाचा गलका असतो. आणि तुफान पावसाच्या दिवशी वर्गात आठच मुले पोहोचली असतील, तर सरळ सगळ्यांनाच ऑनलाइन घ्यावे. त्या आठांनीही वर्गात बसून कानाला इयरफोन लावावेत. दोन अर्ध्या वर्गांपेक्षा एक पुरा वर्ग बरा.

प्रश्न : तासाचे ध्वनिचित्रमुद्रण मुलांना पाठवते, कुणी पाहत नाही. काय करावे?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ते लांब असते म्हणून. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओ ६९ लाख पाहण्याच्या सत्रांचा अभ्यास केला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक त्यावर साधारणपणे सहा मिनिटांहून अधिक टिकत नाहीत, असे दिसले. पूर्ण तास पाठवू नये; मुले जिथे अडतात त्या दोन-तीन जागा निवडून प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे वेगळे तुकडे करावेत, त्यांचा आकार कमी ठेवावा म्हणजे दिवसाचा डेटा संपत नाही, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एकच असा प्रश्न पाठवावा ज्याचे उत्तर पुढच्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मागणार आहात. पहिल्या आठवड्यात दहाच उत्तरे आली, तरी ती मोठ्याने वाचून दाखवावीत.